झोपेतली सुटका

सुलतान बाजारात चष्म्याची दांडी बदलून मी दुकानाच्या पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी दंड धरला. वळून पाहिलं तर एकनाथराव. आमच्या विहाराच्या कमिटीत ते खजिनदार, मी सचिव. दर रविवारी भेट होतेच, त्यामुळे एरवी बाजारात दिसले तर लांबूनच जयभीम करून दोघं आपापल्या वाटेनं जातो. आज त्यांनी मला कापडाच्या दुकानाच्या कडेला ओढलं आणि लोक ऐकतील अशा भीतीनं हळू आवाजात म्हणाले, "उत्तमराव, एक बात विचारायची होती. गौतमला कुठं नेलं होतं, त्या दवाखान्याचं नाव पाहिजे होतं. ते झोपेत सोडवतात बोलले होते ना तुम्ही, तेच." कुणासाठी, मी विचारलं. "हर्षदसाठी," ते म्हणाले. हर्षद त्यांचा धाकटा. "त्याच गोळ्या हो. दुखण्याच्या. लई परेशान झालोत. आता तुमच्यापासून काय लपवायचं? मंगळवारी नेऊन टाकावं बोलतोय मी, चारच दिवसांची सुट्टी मिळाली आहे पोराला. तुमचा गौतम तर एका दिवसात साफ झाला होता. नंतर हार्टचं झालं, ते नशीब." मी म्हणालो, घरी जाऊन बघतो, संध्याकाळपर्यंत फोन करतो. खरं म्हणजे नाव मला पाठ होतं. जिभेवरच होतं. ते तिथंच थांबलं एवढंच.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली आणि मी हिशेब केला की गौतमच्या गोळ्यांबद्दल मी आयुष्यात बाहेरच्या एकाच माणसाला सांगितलं आहे, आणि तो माणूस एकनाथराव. तेही दुःखाच्या वेळी नाही, तोऱ्यात सांगितलं. अडीच वर्षांपूर्वी, दवाखान्यातून आणल्यावर गौतम आठवड्याभरात जेवायला लागला, दाढी करायला लागला, तेव्हा विहाराच्या गॅलरीत उभं राहून मी त्यांना म्हणालो होतो, "लोक दोन-दोन वर्षं खेटे घालतात. आपण एका दिवसात निकाली काढलं." निकाली हा माझा आवडता शब्द. पस्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात फायली निकाली काढल्या, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो, आणि घरातलीही प्रत्येक गोष्ट मला त्याच चालीनं हवी असायची. एक घाव दोन तुकडे. दवाखान्यातून आणल्यापासून पाच आठवड्यांनी गौतम गेला तेव्हा मी एकनाथरावांना सांगितलं, हार्ट अटॅक. त्यांनी माझे दोन्ही शब्द खरे धरले. पहिला शब्द खोटा ठरला होता आणि दुसऱ्यानं ते झाकलं होतं, हे त्यांना कळायला काही मार्गच मी ठेवला नव्हता.

गौतम लिफ्टचा माणूस. डिप्लोमा करून लिफ्टच्या कंपनीत लागला आणि गच्चीबावलीकडे उंच उंच बिल्डिंगा उठल्या त्यांतल्या कितीतरी लिफ्टा त्यानं चालू करून दिल्या. सुट्टीच्या दिवशी तेजूला, म्हणजे तेजश्रीला, आपल्या मुलीला, बसमधून बोट दाखवून सांगायचा, ही माझी, ती पण माझी. एकदा लिफ्टच्या खड्ड्यात दीड मजला खाली पडला. कंबरेचा मणका दुखावला. डॉक्टरांनी महिन्याभरासाठी गोळ्या लिहून दिल्या आणि गौतमनं त्या तीन वर्षं घेतल्या. आधी दुखतं म्हणून, मग दुखेल म्हणून, मग न घेतल्या तर अंग फोडून निघतं, नाक-डोळे गळतात, पोट धरवत नाही म्हणून. कामावर जायचा, पगार आणायचा, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही. पल्लवीला दिसलं. सून ती माझी, मला मामा म्हणते, नांदेडकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. तिला त्याच्या हत्यारांच्या पेटीत पान्यांच्या खाली गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. दिवसाला अठरा-वीस. तिनं ती ओढणीत घेऊन माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाली, "मामा, ओरडू नका त्याच्यावर. आजार आहे हा." मी ओरडलो नाही. पण माझ्या मनात पहिला विचार मुलाचा आला नाही, हे आज लिहायला हरकत नाही. पहिला विचार आला तो दर रविवारी विहारात पंचशील सांगायला मी उभा राहतो याचा. वस्तीतल्या पोरांपुढे व्यसनमुक्तीवर भाषणं मीच करतो. दारू सोडलेल्या माणसांच्या गळ्यात हार मी घातले आहेत. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं, आणि ते सांगताना माझा आवाज चढतो, हे लोक कौतुकानं सांगतात.

पल्लवीनंच सरकारी दवाखान्यातला डॉक्टर शोधला. म्हातारासा तेलुगू माणूस, चष्मा कपाळावर. तो तेलुगूत बोलायचा आणि पल्लवी मला मराठीत सांगायची. तो म्हणाला, हळूहळू करू. जिभेखाली ठेवायची एक गोळी असते, ती देऊन शरीर शांत ठेवायचं आणि महिन्यामहिन्यानं कमी करायची. वर्ष लागेल, दोन लागतील. मी विचारलं, म्हणजे एक गोळी सोडायला दुसरी गोळी? आणि दर आठवड्याला या लाइनीत उभं राहायचं? बाहेर बाकांवर शंभर माणसं होती, त्यांतली दोन आमच्या ओळखीची निघाली असती तर काय, हा खरा प्रश्न होता, तो मी विचारला नाही. झोपेत एका दिवसात सोडवतात त्याचं काय, एवढं विचारलं. डॉक्टरनं चष्मा खाली घेतला. पल्लवी सांगत गेली: "ते म्हणतात, भूल देऊन अंगातली नशा औषधानं एकदम उपटून काढतात. त्रास व्हायचा तो होतोच, फक्त पेशंटला बोलता येत नाही. त्या वेळी हृदयावर, फुप्फुसावर सगळा भार येतो. उलटी छातीत गेली तर धोका. काही जण उठत नाहीत. आणि जे उठतात त्यांची तलफ गेलेली नसते. पण शरीर जुना डोस विसरलेलं असतं. तोच काळ सगळ्यात वाईट." मी त्यातलं एक वाक्य उचललं. शरीर जुना डोस विसरतं. मला वाटलं, मग आणखी काय पाहिजे? विसरावं म्हणूनच तर चाललोय. बसमध्ये बसून मी पल्लवीला म्हणालोसुद्धा, "बघ, तुझा डॉक्टर पण मान्य करतो." तिनं पुन्हा समजावलं असतं, पण तेजू मांडीवर झोपली होती आणि मी सासरा होतो.

त्या खासगी दवाखान्याचं नाव मी कुठंच लिहिणार नाही. तिथल्या लोकांनी मला फसवलं नाही. इंग्रजीतला चार पानी कागद पुढे ठेवला होता, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना 'वाचून सही करा' म्हणणाऱ्या मी तो न वाचता सही केली. गौतम हिरव्या गाऊनमध्ये उभा होता, पाठीमागच्या नाड्या बांधता येत नव्हत्या म्हणून माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "पप्पा, जरा बांधा ना." लहानपणी शाळेचा पट्टा असाच बांधून घ्यायचा. मी गाठ मारली आणि म्हणालो, "झोपून उठशील तेव्हा सगळं खतम." तो हसला. "हौ पप्पा. मला पण खतमच करायचं आहे." सहा तास म्हणाले होते, नऊ लागले. मग कळलं की नाडी मधेच चुकायला लागली होती, ऑक्सिजन खाली गेला, म्हणून आयसीयूत हलवलंय. मी काचेतून पाहिलं. तो झोपलेला होता आणि त्याचे पाय झोपेत सायकल मारल्यासारखे हलत होते, पोटऱ्यांवर काटा आलेला. पुढचे चार दिवस उलट्या, जुलाब, अंथरुणात बसवेना की निजवेना. झोपेत सुटका म्हणतात ती ही. पण पाचव्या दिवशी त्यानं वरणभात मागितला आणि मी जिंकलो.

घरी पाठवताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रोजची एक गोळी लिहून दिली. ही नशेची नाही, म्हणाल्या. ही घेतलेली असली की वरून जुन्या गोळ्या खाल्ल्या तरी चढत नाहीत. दाराला आतून कडी आहे असं समजा. निदान सहा महिने, आणि घरातल्या कुणीतरी समोर उभं राहून द्यायची. मी उभा राहिलो. एकोणीस दिवस रोज सकाळी गोळी, पाण्याचा पेला, आणि "जीभ दाखव". चौतीस वर्षांचा मुलगा जीभ दाखवायचा. मला ते बघवायचं नाही. साफ झालेल्या माणसाला गोळी कशाला, हे मनात घोळायला लागलं. त्यात तेजूला सुट्टी लागली म्हणून पल्लवी तिला घेऊन आठ दिवस नांदेडला गेली होती, जाताना मला दोनदा बजावून, "मामा, सकाळची गोळी चुकवू नका." आणि बुद्धपौर्णिमा आली. विहारातून आल्यावर मी गौतमला घरच्या मूर्तीपुढे बसवलं. पार्वतीबाई, माझी बायको, हातात मेणबत्तीचं तबक घेऊन बाजूला उभी होती. मी त्याला पाचही शीलं माझ्यामागून म्हणायला लावली, आणि पाचव्यापाशी थांबून म्हणालो, "आता कबूल कर. आजपासून कुठलीच गोळी नाही. ही सकाळची पण नाही. गोळीचा आधार म्हणजे नशेचाच आधार." गौतम जरा वेळ मूर्तीकडे बघत होता. मग म्हणाला, "एकदा डॉक्टरला विचारू का, पप्पा?" मी म्हणालो, "शील घ्यायला डॉक्टरची परवानगी लागते काय?" तो म्हणाला, "नाही, तुम्ही म्हणता तर बंद करतो." आणि त्यानं केली. माझा शब्द त्यानं लहानपणापासून कधी मोडला नव्हता, मी त्याला तशीच शिस्त लावली होती.

पुढे कामावर गेला. पंधराएक दिवसांनी रविवारी सकाळी कुठल्याशा बिल्डिंगमध्ये लिफ्टची मोटार उचलून आला आणि कंबर धरून बसला. दुपारी खोलीत जाऊन पडला. पल्लवी परत आली होती, सकाळची गोळी मी देतोय असंच ती धरून चालली होती; त्या दुपारी ती तेजूला घेऊन चपला आणायला गेलेली. चारच्या सुमारास पार्वतीबाई चहाला हाक मारायला निघाली तर आतून घोरण्याचा आवाज येत होता. मोठा, घशात पाणी अडकल्यासारखा. ती म्हणाली, "असा तर घोरत नाही कधी. उठवू का?" मी पेपर वाचत होतो. म्हणालो, "घोरतोय ना? झोपू दे. किती दिवसांनी अशी झोप लागली आहे." पाचाला आवाज थांबला. आम्हाला वाटलं कूस बदलली. पल्लवी आली आणि तिनंच दार लोटलं. ओठ निळे होते. उशीखाली पाकीट होतं, त्यातल्या बारा गोळ्या गेलेल्या. बारा म्हणजे त्याच्या जुन्या वीसच्या मानानं कमीच, त्यानं बेतानंच घेतल्या होत्या. शरीर जुना डोस विसरलं होतं. त्या म्हाताऱ्या डॉक्टरचं वाक्य मला तेव्हा पूर्ण समजलं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद असं लिहून दिलं, आणि मीच त्यांना हात जोडले होते तसं लिहा म्हणून. लोकांना हार्ट सांगितलं. पल्लवीला तसं सांगण्यात अर्थ नव्हता, तिनं पाकीट पाहिलं होतं. तिनं मला एकच विचारलं, "मामा, सकाळची गोळी घेत होता ना तो? ती घेतली असती तर असं होत नाही म्हणाले होते." मी म्हणालो, "देत तर होतो." एवढेच तीन शब्द. पुढचं तिनं स्वतःच जोडलं: म्हणजे तोंडात ठेवून थुंकत असणार. म्हणजे आपल्या सगळ्यांशी खोटं बोलत होता. मी मान हलवली की नुसती खाली घातली, आठवत नाही. खाली घातली असं म्हणायला मला आवडतं. महिन्याभरानं ती तेजूला घेऊन नांदेडला माहेरी गेली आणि वर्षाच्या पुण्यस्मरणाला आली नाही. फोनवर म्हणाली, "दुखण्याचं मी माफ केलं असतं, मामा. फसवलं ते जात नाही मनातून." तेव्हाही मी गप्प होतो. भंते धम्मानंद आमच्या विहारात दर पावसाळ्यात वर्षावासाला येतात, त्यांना एकदा आडून विचारलं, आजारी माणसाचं औषध पाचव्या शीलाच्या आड येतं का? ते हसले. "आजाऱ्याला औषध देणं हे तर भगवंतांनी भिक्खूंनाही सांगितलं, उत्तमराव. आणि शील म्हणजे हुकूम नाही. ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, दुसऱ्याला घालायचं नसतं." मी म्हणालो, "तेच मी लोकांना सांगत असतो." सचिव आहे मी.

नल्लकुंट्याला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घरात पार्वतीबाई शेंगा फोडत बसली होती. तिला एकनाथरावांचं सांगितलं. ती शेंगा फोडतच राहिली, मग म्हणाली, "देणार का नाव?" मी म्हणालो, नाव दिलं नाही तरी दुसरीकडून मिळेल त्यांना, हल्ली सगळं फोनवर मिळतं. "नावाचं नाही बोलत मी," ती म्हणाली. बुद्धपौर्णिमेच्या त्या दिवसाबद्दल अडीच वर्षांत ती एक शब्द बोलली नव्हती, आणि तिच्या गप्प बसण्याला मी तिचं साधेपण समजत आलो. ती पुढे म्हणाली, "तुम्हाला होत नसेल तर मी जाऊन सांगते. मी पण होते तिथं. तबक माझ्याच हातात होतं." मी चपला पायातून काढल्याच नव्हत्या. तसाच निघालो.

एकनाथराव विद्यानगरला राहतात, चालत पंधरा मिनिटं. दार हर्षदनंच उघडलं. सव्वीस वर्षांचं पोर, जांभयांवर जांभया देत होतं, नाक पुसत होतं, पंख्याखाली बसून अंगाला शहारे. मला ती लक्षणं आता पाहताक्षणी कळतात. एकनाथराव लगबगीनं कागद-पेन घेऊन बसले, नाव लिहून घ्यायला. हर्षद म्हणाला, "काका, मला पण गौतमदादासारखं एकदाच खतम करायचं आहे. धीरे धीरे वालं नक्को. रोज रोज मरायचं कोण?" मी त्याच्याकडे बघून बोलायला लागलो, कारण एकनाथरावांकडे बघून बोलणं जमलं नसतं. म्हणालो, गौतमला हार्ट अटॅक आला नव्हता. मग पहिल्यापासून सांगितलं, आयसीयू, हलणारे पाय, कडीची गोळी, मूर्तीपुढचं शील, बारा गोळ्या, घोरणं. पेपर वाचत होतो तेही सांगितलं. एकनाथरावांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मग हर्षदनं विचारलं, "दादा 'नको' नाही का बोलला? गोळी बंद करायला?" मी म्हणालो, "बोलला. डॉक्टरला विचारू का बोलला. मी विचारू दिलं नाही."

एकनाथराव रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "मी मंगळवारी घेऊन चाललो होतो याला. तुमच्या भरवशावर." सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरचा सोमवारचा वार मी सांगितला. लाइन मोठी असते, आपले लोक दिसतील, हेही सांगितलं. हर्षद म्हणाला, "मला नाही वाटत मी दोन वर्षं काढीन, काका." मी म्हणालो, मलाही माहीत नाही काढशील का. सोमवारी सकाळी मी येतो, लाइनीत मी उभा राहतो, तू बाकावर बस. त्यानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. निघताना एकनाथराव दारापर्यंत आले नाहीत, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून नांदेडला फोन लावला. घरी गेलो असतो तर पाणी प्यालो असतो, मग चहा, मग उद्यावर गेलं असतं. माझा मी मला ओळखतो. पल्लवीनं उचलला, "काय मामा, तब्येत बरी ना?" मागून तेजूचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "पल्लवी, गौतम गोळी थुंकत नव्हता. एकोणीस दिवस त्यानं माझ्यासमोर रोज घेतली, जीभ दाखवून घेतली. विसाव्या दिवशी मी बंद केली. तू इथं नव्हतीस. त्याला शपथ घातली मी." रागानं फोन ठेवला असेल असं वाटून मी कानापासून काढून पाहिला, पण फोन चालू होता. मग ती इतक्या हळू बोलली की मला एका कानावर हात ठेवावा लागला. "तेजू विचारते, मामा. बाबा कसे होते, विचारते. मी तिला सांगत आले की चांगले होते, पण खोटं बोलायचे. अडीच वर्षं सांगते आहे. नऊ वर्षांची झाली ती. तेवढीच एक गोष्ट तिला पक्की माहीत आहे त्याच्याबद्दल. आता काय सांगू मी तिला?"

पाढे थांबले होते. पोरगी आईच्या तोंडाकडे बघत असणार.

"माझं नाव सांग," मी म्हणालो. "नाहीतर फोन दे तिच्याकडे. मीच सांगतो."